तपकिरी भुसा

सुईमास्तरांचं काम रोपं मारायचं होतं, आणि ते त्यांना उत्तम जमायचं.

वृक्षसंशोधन केंद्राच्या फाटकावर ‘प्रत्येक रोप मोलाचे’ अशी पाटी होती. त्या पाटीखालून मास्तर रोज सकाळी आत शिरत, जेवणाचा डबा खणात ठेवत, खाकी डगला चढवत आणि बाटलीतलं गढूळ पाणी सुईत ओढून घेऊन, माळ्यांनी दोन वर्षं लेकरासारखी जपलेली रोपं ओळीनं टोचत सुटत. माळ्यांपैकी कुणी त्या वेळी वाफ्याकडे फिरकत नसे. मास्तर म्हणावं असं त्यांनी कधी कुणाला काही शिकवलेलं नव्हतं. हुद्दा रोगचाचणी अधिकाऱ्याचा होता. पण ओळीत उभ्या असलेल्यांकडे ते चष्म्यावरून ज्या नजरेनं बघत, ती बघून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते पगारपत्रकाखेरीज सगळीकडे लागू झालं.

बाटलीतल्या पाण्यात मर रोगाची बुरशी असायची. शास्त्रज्ञांनी तिला लांबलचक नाव दिलेलं होतं, पण ते उच्चारून होईपर्यंत झाड गेलेलं असे, म्हणून केंद्रातही सगळे ‘मर’च म्हणत. ही बुरशी झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत शिरते. झाडाला सुगावा लागला की ते त्या नळ्या आतून बुजवायला घेतं. इथपर्यंत ठीक. पण बरीच झाडं घाबरून इतक्या नळ्या बुजवतात की चोर अडकतो आणि घरातली माणसंही तहानेनं मरतात. काही झाडं उशिरा जागी होतात, तीही मरतात. नेमक्या जागी, नेमक्या वेळी, नेमक्या तेवढ्याच नळ्या बुजवणारं झाड हजारात एखादं. हे शहाणपण शिकवून येत नाही, ते बियातूनच यावं लागतं, आणि कुठल्या बियात ते आहे हे कळायचा एकच मार्ग म्हणजे सुई.

रानात हेच काम रोग स्वतः करतो, फक्त पगार घेत नाही. तो येतो, रान झोपवतो, चुकूनमाकून चार झाडं उभी राहतात. त्यांचं बी पडतं. त्यातल्या काही बियांना आईचा गुण लागतो, काहींना नाही. रोग परत येतो. असं शेकडो वर्षं चालतं आणि मग एक दिवस त्या रानात मर शिरतो तेव्हा फार कुणी मरत नाही. केंद्राकडे शेकडो वर्षं नव्हती, पंचवार्षिक योजना होती. म्हणून मास्तर.

यात एक गोम होती. शहाणी फक्त झाडंच होत नव्हती. वाफ्यात जे रोप सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जास्त झुंजून मरे, त्याच्या खोडातली बुरशी मास्तर काढून ठेवत आणि पुढच्या वर्षी तीच टोचत. लेच्यापेच्या रोगावर पास झालेलं रोप घेऊन करायचं काय? त्यामुळे एकीकडे रोपं वरचढ होत गेली आणि दुसरीकडे, त्याच वाफ्यात, त्याच खर्चात, रोगही. मास्तरांच्या वाफ्यातला मर बाहेरच्या मरापेक्षा कितीतरी पुढच्या इयत्तेत होता. तो कुंपणाबाहेर जाता कामा नये म्हणून कडक नियम होते: बूट बदलायचे, डगला आतच टांगायचा, हात कोपरापर्यंत धुवायचे, चाकू खुंटीला लावायचा. आणि आत असताना चाकू पुसायचा नाही, हा आणखी एक. सुई टोचण्यासाठी एका रोपाची साल चिरली की तोच चाकू तसाच दुसऱ्याला. पुसला तर रोग पातळ होतो, चाचणी बिघडते. नव्या माणसांना ही सवय लागायला फार दिवस जात, कारण जगात बाकी सगळीकडे चाकू पुसायला शिकवतात. मास्तरांच्या हाताला ती लागून उभा जन्म झाला होता.

शहरातली झाडं तोवर गेली होती. नगरपालिकेनं एके काळी सगळ्या रस्त्यांवर एकाच देखण्या झाडाची कलमं लावली होती, म्हणजे उंची सारखी, फांद्या सारख्या, छायाचित्रात छान दिसतं. मर आला तेव्हा त्यालाही ते सोयीचं गेलं. एकाला जे लागू पडलं ते सगळ्यांना लागू पडलं. दोन उन्हाळ्यांत रस्ते बोडके झाले.

एकच झाड राहिलं, अक्काच्या दारातलं.

अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून वळणावरच्या त्या दोन खोल्यांत एकटी राही आणि दवाखान्याच्या फाटक्या चादरी धुऊन, ठिगळं लावून परत देई. झाड कुणी लावलेलं नव्हतं. वाऱ्यानं आलेलं बी भिंतीच्या कडेला रुजलं आणि वाकडंतिकडं वाढत छपराच्या वर गेलं. ते वाकडं असल्यामुळे पालिकेच्या छायाचित्रांत कधी आलं नाही. अक्काची दोरी त्याच्या खोडाला बांधलेली होती आणि पांढऱ्या चादरी दिवसभर त्याच्याखाली हलत असायच्या. आजूबाजूची सगळी झाडं वाळली, हे वाळलं नाही, तेव्हा लोक बघायला येऊ लागले. केंद्राचे मोठे साहेब आले. वर्तमानपत्रात झाडाचा फोटो आला. अक्का त्यात अर्धीच आली होती, तेही चादरीआड.

आणि मग रस्ता आला. नवा, रुंद, सरळ. नकाशावर तो अक्काच्या स्वयंपाकघरातून जात होता.

रस्त्याचे अभियंते स्वतः आले. माणूस सभ्य, पण बोलताना हाताचा तळवा आडवा धरून हवेत सरळ रेघ मारायची सवय. अक्कानं पहिल्याच भेटीत त्यांचं नाव ‘फूटपट्टी’ ठेवलं. त्या दिवशी झाडाखाली फूटपट्टी, मोठे साहेब, मास्तर आणि अक्का अशी चौघं उभी होती.

“प्रश्न साधा आहे,” फूटपट्टी म्हणाले. “हे झाड रोगाला खरंच दाद देत नाही, की रोगाच्या नजरेतून सुटलंय?”

“मला काय विचारता? रोगाला विचारा,” अक्का म्हणाली.

“आमचे तज्ज्ञ सांगतील,” असं म्हणून साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं.

“नुसतं बघून नाही सांगता येत,” मास्तर म्हणाले. “अभ्यास करून पास झालेला आणि परीक्षेलाच न बसलेला, दोघंही घरी तितकेच निवांत दिसतात.”

“मग परीक्षेला बसवा. टोचा.”

“कुणाला टोचता?” अक्कानं चिमट्यांची टोपली खाली ठेवली. “बाळ्या, तू तुझी सुई घेऊन या दारात पाऊल टाकायचं नाहीस, आत्ताच सांगून ठेवते.”

बाळ्या अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता. साहेबांनी खोकल्यासारखं केलं.

“झाडाला हात नाही लावायचा अक्का,” मास्तर म्हणाले. “फांद्यांची कलमं करतो. कलम म्हणजे हेच झाड, दुसऱ्या कुंडीत. टोचायचं ते कलमांना.”

“जगली तर?” अक्कानं फूटपट्टीला विचारलं.

“तर झाड संरक्षित. रस्ता इथे वळेल.”

“आणि मेली तर?”

फूटपट्टींचा तळवा हवेत सरळ गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तो थांबला.

“मग येताना चप्पल बाहेर काढून ये म्हणावं तुमच्या रस्त्याला,” अक्का म्हणाली.

कलमं काढायला मास्तर सुट्टीच्या दिवशी आले. थंडी सरत होती. त्यांनी कोरं पातं कागदातून सोडवलं, स्पिरिटची बाटली शिडीला टांगली, हात धुतले, पुन्हा धुतले. एक काप, पातं स्पिरिटमध्ये. दुसरा काप, पातं स्पिरिटमध्ये. कापलेल्या टोकाला मेण. खाली अक्का चादरी वाळत घालत होती.

“फांदी तोडतोयस की अपेंडिक्स काढतोयस?”

“तुझ्याच झाडासाठी चाललंय.”

“माझ्यासाठी एवढा नीटनेटका तू जन्मात नव्हतास. लग्नातसुद्धा सदरा उसवलेला होता तुझा. मीच शिवला उभ्या उभ्या.”

कलमं ओल्या फडक्यात गुंडाळून झाली. सामान पिशवीत गेलं. मास्तरांनी चहा घेतला, शिडी भिंतीला लावून ठेवली आणि निघाले. तेवढ्यात अक्कानं हाक मारली.

“जाता जाता ती डहाळी तेवढी काढ रे. दोरीपाशी आलीय. चादर अडकते नि फाटते. परवा शिवलेली परत उसवली.”

डहाळी हाताच्या उंचीवर होती, बोटाएवढी जाड. मास्तरांचा हात विजारीच्या खिशात गेला. आदल्या संध्याकाळी साहेबांनी घाईनं बोलावलं होतं. मास्तरांनी बूट बदलले, डगला टांगला, हात कोपरापर्यंत धुतले आणि चाकू खिशात तसाच राहिला. तो त्यांनी उघडला. पिशवीतलं काम केंद्राचं होतं, ते संपलं होतं. हे बहिणीनं सांगितलेलं काम होतं, त्याला कोण स्पिरिट काढतो? एका झटक्यात डहाळी खाली आली. मास्तरांनी चाकू मिटला, अर्थातच न पुसता, आणि “येतो गं” म्हणून निघून गेले.

कलमांना मुळं फुटली, पानं आली. काचघरात त्यांच्या शेजारी रस्त्यावरच्या मेलेल्या झाडांच्या बुंध्यांतून फुटलेल्या धुमाऱ्यांची कलमंही मांडली होती, तुलनेसाठी. टोचायचा तो शहरातला मर. प्रश्न शहराचा होता आणि वाफ्यातला मर काचघरात न्यायला बंदी होती. मास्तरांनी सगळ्यांना सारखं टोचलं. अक्काच्या कलमांपाशी आल्यावर हात जरासा थबकला, पण टोचलं.

रस्त्यावरच्या झाडांची कलमं बघता बघता मान टाकून बसली. अक्काच्या कलमांनी खालची दोनचार पानं गाळली, काही दिवस रुसून बसल्यासारखं केलं आणि मग शेंड्याला नवी पालवी काढली. मास्तरांनी एका कलमाचं खोड चिरून पाहिलं. आत सुईच्या जागी तपकिरी ठिपका होता, त्याच्या कडेला गडद रेघ, आणि रेघेपलीकडे लाकूड पांढरंशुभ्र. ठिपक्यातली बुरशी कोंडली गेली होती.

साहेबांनी त्याच दिवशी फूटपट्टींना फोन केला आणि झाडाच्या गौरवासाठी पाहुणे कोण बोलवायचे याचा विचार सुरू केला. मास्तर छत्री उचलून बाहेर पडले. उन्हं तापायला लागली होती. अक्काला ही बातमी फोनवर सांगायची नव्हती. रस्ता वळणार, हे ऐकताना तिचा चेहरा कसा होतो ते त्यांना बघायचं होतं.

अक्कानं ऐकलं आणि सुई तोंडात धरूनच म्हणाली, “मला माहीतच होतं.” पण तिनं दोरा तोडला, मशीन बंद केलं आणि तोंड धुऊन आली, म्हणजे काहीतरी झालं होतं. “चल, बाहेर बसू,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मास्तरांनी वर पाहिलं.

दोरीवरची एक मोठी फांदी, तिची पानं हिरवीच होती, पण हात सोडून दिल्यासारखी खाली लोंबत होती. बाकीचं झाड वाऱ्यात हलत होतं. ती फांदी हलत होती, पण वेगळी, ओल्या चादरीसारखी. मास्तर तिच्या मुळाशी गेले. थोड्या अंतरावर डहाळी कापल्याची खूण होती. त्या कापाला मेण नव्हतं.

“अक्का, ही डहाळी मी कशानं कापली होती?”

“होता तुझ्या खिशातला. मळकट चाकू.”

मास्तर पायरीवर बसले. इतकी वर्षं शहरातला मर या झाडाला झोंबत होता आणि झाड त्याला धूप घालत नव्हतं. कलमांनीही तेच सांगितलं होतं. या झाडाला हरवू शकेल असा मर सगळ्या मुलखात एकाच ठिकाणी होता, आणि तिथून तो आणून, बरोबर दोरीच्या उंचीवर, त्यांनी स्वतःच्या हातानं लावला होता.

त्यांनी ते लपवलं नाही. अक्कासमोर लपवणं त्यांना लहानपणापासून जमलेलं नव्हतं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“त्याच चाकूनं फळंही कापतोस?” तिनं विचारलं.

“फळांना वेगळा आहे.”

“हो? फळांची काळजी आहे म्हणायची.”

फांदी त्यांनी तिथल्या तिथे करवतीनं उतरवली, या वेळी प्रत्येक काप स्पिरिट लावून. तिच्या मुळापर्यंत लाकडात तपकिरी पट्टा होता. खोडात शिरला होता की नाही ते बाहेरून दिसेना. खोडाच्या सालीवर मात्र टाचणीनं पाडावीत तशी बारीक भोकं दिसली. साल पोखरणारे भुंगेरे आलेले होते. मलूल लाकडाचा वास त्यांना लांबून येतो, आणि उन्हं कडक झाली की ते बाहेर पडून पुढच्या झाडाकडे उडतात, पायांना लागलेला रोग घेऊन. शहरात पुढचं झाड नव्हतं. पण डोंगरापलीकडे रान होतं आणि अलीकडे केंद्र, जिथे या झाडाची कलमं आणि आजवर तगलेली सगळी रोपं उभी होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खोडाला गिरमिटानं भोक पाडलं. खाली धरलेल्या कागदावर पहिल्यांदा सालीचा चुरा पडला, मग पांढरा भुसा, मग तपकिरी.

“तपकिरी म्हणजे?” अक्कानं विचारलं.

“म्हणजे रोग आत गेलाय. किंवा झाडानं त्याला अडवायला नळ्या बुजवल्यात. दोन्हीचा रंग एकच.”

“वा. म्हणजे वाटमारी झाली की पोलीस आले, काही कळत नाही.”

“ताटलीत ठेवून बघता येतं, बुरशी उगवते का. पण त्याला पंधरवडा तरी लागतो. भुंगेरे तोवर थांबत नाहीत.”

साहेबांकडे मास्तर गेले तेव्हा साहेब पाहुण्यांच्या खुर्च्या कशा मांडायच्या ते बघत होते.

“तोडायचं? मास्तर, अहो, ते झाड म्हणजे केंद्राचं नाक आहे.”

“नाकातच झालाय, साहेब.”

“चाकूचं कुणाला बोललात?”

“बहिणीला.”

“बरं केलंत. घरातल्या घरात राहिलं.” साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. कलमांचं काचघर तिथून दिसत होतं. त्यांनी मनातल्या मनात काहीतरी तोललं, आणि कुठलं पारडं खाली गेलं ते त्यांच्या आवाजात ऐकू आलं. “मी तोडा म्हणत नाही, राहू द्या म्हणत नाही. मालकीण तुमची बहीण. तुमचं तुम्ही ठरवा. फक्त कलमांना काही होता कामा नये.”

म्हणजे ठरवायचं अक्कानं होतं. संध्याकाळी ती मशीनवर होती. मधोमध विरलेली चादर उभी फाडून, कडा आत घेऊन परत जोडत होती. मास्तर समोरच्या चादरींच्या ढिगावर बसले.

“नाही तोडलं तर?” मशीन न थांबवता तिनं विचारलं.

“कदाचित सावरेल. असलं झाड सावरू शकतं.”

“आणि नाही सावरलं तर?”

“तर भुंगेरे हा रोग रानात नेतील. केंद्रात आणतील. आजवर जे जे तगलं ते त्यानं मरेल. मग परत पहिल्यापासून. मी तर नसेनच, माझ्यानंतरचाही नसेल.”

“तोडलं तर फूटपट्टी माझ्या चुलीवरून रस्ता नेणार.”

“झाड नाही तर संरक्षण नाही. मी बोललो त्यांच्याशी. नाही म्हणाले. सभ्यपणे म्हणाले.”

“ते सभ्यच आहेत. गळा कापतानासुद्धा सरळ रेघेत कापतील.”

मशीन बराच वेळ चाललं. मग थांबलं.

“दवाखान्यात एकदा एका वॉर्डातल्या सगळ्या चादरी जाळल्या,” अक्का म्हणाली. “मी शिवलेल्या होत्या, नव्यापेक्षा मजबूत. कुणी एक पेशंट तसा निघाला म्हणून. मी नर्सबाईंना म्हटलं, अहो, उकळून दिल्या असत्या की. तर त्या म्हणाल्या, उकळून जातं की नाही हे कळेपर्यंत त्यांच्यावर कुणाला निजवू? तुम्ही निजाल?” तिनं दोरा दातानं तोडला. “मी नाही म्हटलं.”

मास्तरांनी ढिगावरून घसरलेली एक चादर उचलून तिची घडी घातली.

“तोड,” ती म्हणाली. “पण तू उभा राहा तिथे. पालिकेच्या माणसांवर सोडून ऑफिसात जाऊन बसायचं नाही.”

तोडायच्या दिवशी पालिकेची माणसं यंत्रकरवत घेऊन आली. फूटपट्टीही आले, टोपी हातात घेऊन. त्यांनी अक्काला नमस्कार केला आणि मग, करायचंच तर एका खेपेत होऊ दे म्हणून, बरोबरच्या माणसाला भिंतीवर चुन्याच्या खुणा करायला लावलं. घर सोडायला अक्काला मुदत होती, पण तिनं ती मागेच नको म्हणून सांगितलं होतं. झाड नसलेल्या दारात उगाच रेंगाळायची तिला हौस नव्हती. टेम्पो दाराशी लागला होता. मास्तरांच्या क्वार्टरमधली मागची खोली रिकामी करून ठेवलेली होती. “मला चालेल तिथं,” अक्का भावजयीला म्हणाली होती, “फक्त तुझ्या नवऱ्याला माझ्या आसपास काही कापू देऊ नकोस.” भावजय हसली नाही. तिला वाटलं होतं आपण हसू, पण जमलं नाही.

आधी शेंडा उतरवला, मग फांद्या. पडेल ते लगेच ताडपत्रीवर ओढून त्यावर रॉकेल शिंपडत होते. मास्तरांचा हुकूम तसा होता. पान, साल, भुसा, मूळ, काही मागे ठेवायचं नाही. शेवटी बुंधा. यंत्रकरवत दोनदा अडकली, तिसऱ्यांदा आरपार गेली. खोड भिंतीच्या बाजूला आडवं झालं आणि जमीन हादरली. आतमध्ये अक्काच्या फडताळातली भांडी वाजली.

मास्तर पुढे झाले, गुडघे टेकले आणि कापावरचा भुसा तळहातानं झाडला.

लाकूड पांढरं होतं.

सगळं खोड, सालीपासून गाभ्यापर्यंत, ओलं आणि पांढरं. फक्त एका कडेला, फांदी जिथे होती त्या अंगाला, पाचर मारावी तेवढा तपकिरी तुकडा. त्याच्याभोवती पेन्सिलीनं ओढल्यासारखी गडद रेघ, कुठेही न तुटलेली. आणि रेघेच्या बाहेरून झाडानं यंदाच्या लाकडाचा पातळ नवा थर चढवायला घेतला होता. गिरमिटाचं भोक नेमकं त्या पाचरीत शिरलेलं दिसत होतं. चार बोटं इकडे किंवा तिकडे पाडलं असतं तर भुसा पांढरा पडला असता.

इतक्या वर्षांत मास्तरांनी हजारो खोडं चिरली होती. वाफ्यातल्या मराला कुणी इतकं नीट कोंडलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

अक्का गाठोडं काखेत घेऊन बाहेर आली होती. “काय रे? एवढं काय बघतोस?”

काहीही सांगता आलं असतं. लाकडातलं तिला काय कळणार होतं?

“त्यानं कोंडला होता,” मास्तर म्हणाले. “इथवर येऊ दिला. पुढे नाही.”

अक्का वाकली. तिनं बोट पाचरीवर ठेवलं, मग रेघेवरून पांढऱ्या भागात नेलं. बोट ओलं झालं.

“म्हणजे जगलं असतं.”

“हो.”

“नक्की?”

“आता नक्की.”

“आता,” अक्का म्हणाली.

पालिकेचा मुकादम काडेपेटी घेऊन जवळ आला. दोघांना खाली वाकलेलं बघून तो जरा थांबला, मग म्हणाला, “साहेब, पेटवायचं ना? की हे ठेवायचं?”

पाचरीत बुरशी होती. कोंडलेली असली तरी जिवंत होती. भुंगेऱ्यांना रेघा वाचता येत नाहीत. मास्तर उठले. गुडघ्यांना लागलेला भुसा त्यांनी झाडला नाही.

“पेटवा,” ते म्हणाले. “सगळं.”

अक्कानं गाठोडं टेम्पोत ठेवलं आणि दारात येऊन उभी राहिली. खोडाकडे तिची पाठ होती.

“ते लोखंडी कपाट सरळ नाही निघायचं,” ती आत बघत म्हणाली. “दार अरुंद आहे. आडवं करून तिरकं काढावं लागेल. ये, तिकडून धर. आणि सावकाश, बाळ्या. त्यात दवाखान्याच्या चादरी आहेत, त्या परत द्यायच्यात.”

मास्तर आत गेले आणि त्यांनी कपाटाची एक बाजू धरली.